शेठच्या गोलातला शब्द

मित्रांनो, या पत्र्याच्या शेडमध्ये खिचडीची पातेली घासून माझ्या आधारानं वाळत ठेवतात, म्हणून मला आता कुणी फळा म्हणत नाही. पण मी फळाच आहे. जुना, सागवानी, एका कोपऱ्याला वाळवी लागलेला.

माझा जन्म कन्नड गावातल्या एका सुताराच्या हातून झाला. त्यानं माझ्या पट्ट्या अशा जुळवल्या होत्या, की सांधा बोटानं शोधावा लागे. मग काळा रंग चढवून मला पिशोरच्या पुढच्या एका वस्तीवरच्या शाळेत आणलं. कित्येक वर्षं मी बाराखडी आणि पाढे अंगावर वागवले. काम मानाचं होतं, पण खरं सांगतो, कंटाळवाणं होतं.

मग करुणाबाई आल्या. छत्रपती संभाजीनगरहून रोज एसटीनं यायच्या, धूळ झटकायच्या आणि लगेच कामाला लागायच्या. एके दिवशी त्यांनी खिचडीच्या पातेल्याचं झाकण माझ्यावर धरलं आणि त्याच्या कडेनं लाल ऑइलपेंटचा गोल काढला. झाकण थोडं सरकवून दुसरा गोल काढला, पहिल्यावर अर्धामुर्धा चढलेला. मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलं. आता भागाकार कुठं मांडणार? पण त्या दोन गोलांनीच माझे दिवस पालटले.

बाई गोष्ट सांगायच्या आणि गोष्टीतल्या दोघांना एकेका गोलात बसवायच्या. ज्याचं वेगळं, ते त्याच्या गोलात. दोघांचं सारखं, ते मधल्या जागेत. बाईंचा नियम एकच होता, "घरदार, कपडेलत्ते लिहू नका. माणूस स्वभावानं कसा आहे, ते लिहा." पोरं खडूसाठी भांडायची. शेजारच्या शाळांचे गुरुजी मला बघायला यायचे. मी फुगलो होतो, नाही कशाला म्हणू?

त्या वर्गात माहनूर नावाची मुलगी होती. तिला सगळं यायचं, पण फळ्यापाशी ती कधीच यायची नाही. बाईंनी खडू पुढं केला की दप्तराचा बंद चावत खाली बघायची. पुढं तिच्या वडिलांना, नूरमोहम्मदना, सिल्लोडला कापसाच्या जिनिंगवर काम मिळालं आणि बिऱ्हाड हलवायचं ठरलं. बाई तिला म्हणाल्या, "जायच्या आधी एकदा तरी माझ्या फळ्यावर लिहायचं हं." मलाही तेवढंच हवं होतं.

तिच्या शेवटच्या दिवशी केंद्रप्रमुख साहेब तपासणीला येणार होते. बाईंचं निम्मं लक्ष दाराकडे होतं. गोष्ट दोन शेजाऱ्यांची होती. कचरू झोपडीत राहायचा आणि सगळ्या गावावर खेकसायचा. बन्सीशेठचं माडीचं घर होतं, पण त्याला कुणीही काहीही बोलावं, तो मान खाली घालून ऐकून घ्यायचा. दोघांचाही जीव एकाच वासरावर होता.

आकाशनं कचरूच्या गोलात 'तापट' लिहिलं. कुणी मधल्या जागेत 'वासरू आवडतं' लिहिलं. आणि माहनूरनं हात वर केला! ती आली, टाचा उंचावल्या आणि शेठच्या गोलात लिहिलं, 'गरीब'.

"शेठ गरीब? मंग आपुन कोन?" आकाश ओरडला. वर्ग खो खो हसला. तेवढ्यात अंगणात साहेबांची मोटरसायकल वाजली.

"अगं, माडीचं घर आहे ना त्याचं! नीट ऐकत जा," म्हणत बाईंनी घाईनं डस्टर फिरवलं. एका फटक्यात शब्द गेला. माहनूरनं खडू हळूच कडेला ठेवला आणि ती जाग्यावर जाऊन बसली.

दुपारी साहेब मला शाबासकी देऊन गेले. मग तिची आई अनवरी दाखला घ्यायला आली. "जल्दी देव ना मॅडम, टेम्पोवाला चिल्ला रहा," ती म्हणाली. माहनूर दप्तर घेऊन आधीच टेम्पोत जाऊन बसली होती. बाईंनी दाखल्यावर शिक्का मारला आणि आईला धीर द्यायला म्हणाल्या, "काळजी करू नका भाभी. तुमची लेक लई गरीब आहे. नव्या शाळेत कुणाशी भांडायची नाय, कुणाला..."

पुढचं वाक्य बाईंच्या तोंडातच राहिलं. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

कुणाच्या अध्यात ना मध्यात, अशा माणसालाही आपण गरीबच म्हणतो. बाईंच्या तोंडी तर तो शब्द उठता बसता असायचा. पोरीनं स्वभाव लिहिला होता आणि बाईंनी घर वाचलं होतं. अनवरी निघून गेली होती. बाई चप्पल न घालताच फाटकाकडे धावल्या, पण टेम्पो सिल्लोडच्या रस्त्याला लागला होता. परत आल्या त्या डोळे पुसतच. त्यांनी ऑइलपेंटचा डबा उघडला, एका गोलावर 'बन्सीशेठ' लिहिलं आणि आत 'गरीब', माहनूरनं लिहिलं होतं त्याच जागी.

पुढं बाईंची बदली झाली. शाळेत मोठा टीव्ही आला आणि मी या शेडमध्ये आलो. ताटं धुवायला येणारी पोरं माझ्यावरचं वाचतात आणि हसतात. "ए, शेठ गरीब म्हनं! कोन्या येड्यानं लिव्हलं रे?" परवा एकानं विटकरीच्या तुकड्यानं तो शब्द खरवडायला घेतला. रंग पक्का आहे, अजून टिकून आहे.

मित्रांनो, मला पुन्हा भिंतीवर लावा, असं मी म्हणणार नाही. माझं वय झालं. फक्त तुमच्या वर्गात कुणी वेडंवाकडं उत्तर लिहिलं, तर डस्टर उचलण्याआधी त्याला विचारा, "तुला काय म्हणायचंय?" आमच्याकडे तेवढं विचारायचं राहून गेलं. सिल्लोडच्या शाळेतही फळा असेलच. माहनूर त्याच्यापाशी जाते का, हे मला कोण सांगणार?