क्लाइव्हच्या गाळ्यावरची स्वस्त टाकी

संपल्या की फेकून द्यायच्या व्हेपवर, म्हणजे वाफेच्या सिगारेटींवर, सरकारनं जून महिन्यात बंदी घातली. त्याचा सगळ्यात मोठा फटका इंग्लंडमधल्या अख्ख्या टॉडमॉर्डन गावात आपल्यालाच बसला, असं लिनेट ग्रीनवुडचं ठाम मत होतं.

लिनेटचं कालव्याजवळ बायकांचे केस कापायचं दुकान होतं. सिगारेट सोडून तिनं ही रंगीत नळकांडी धरली होती. दिसायला लिपस्टिकसारखी, चवीला गोळ्या-चॉकलेटसारखी, आणि संपली की डब्यात. हे शेवटचं तिला फारच मानवलं होतं, कारण फेकून देणं हा तिचा स्वभावच होता. किटलीचं झाकण सैल झालं की किटली बाहेर. छत्रीची एक काडी वाकली की छत्री बाहेर.

आणि अशा बाईनं संसार केला तो क्लाइव्हशी, ज्यानं जन्मात कधी मोडका स्क्रूसुद्धा टाकला नव्हता. लग्न बरीच वर्षं टिकलं. मग एका हिवाळ्यात क्लाइव्ह महिनोन्‌महिने जो टोस्टर दुरुस्त करत बसला होता, तो लिनेटनं कचऱ्याच्या दिवशी बाहेर ठेवला. क्लाइव्ह सपाता घालून कचऱ्याच्या गाडीमागे चढापर्यंत धावला. टोस्टर काही हाती लागला नाही. परत आला तो एक शब्द न बोलता बॅग भरून आईच्या रिकाम्या घरी राहायला गेला. घटस्फोटात तिसरं कुणी होतं का, असं कुणी विचारलं की गावातले लोक सांगत, "होतं ना. टोस्टर."

भांडण म्हणावं असं दोघांत नंतर राहिलं नव्हतं. रस्त्यात दिसले तर माना हलवत, हवापाण्याचं बोलत आणि आपापल्या वाटेनं जात.

बंदी आल्यावर लिनेटनं आधी निकोटीनचा रस पुन्हा भरायची एक छोटी डबी आणली. पण तिच्या आतला तार-कापसाचा तुकडा आठवड्यात करपायचा आणि नवा आणावा लागायचा. फेकायला लिनेटची ना नव्हती. दर वेळी नवा विकत घ्यायला मात्र होती.

"अगं, रसाच्या, स्वतः बांधायच्या टाक्या मिळतात," तिच्या हाताखाली काम करणारी जेनिस म्हणाली. "आतली तार आणि कापूस आपणच बदलायचा. एकदा टाकी घेतली की पुढे कापसाचा काय तो खर्च. माझा भाऊ तेच वापरतो."

लिनेटनं संध्याकाळी बसून व्हिडिओ पाहिले. प्रत्येकात एक दाढीवाला पोरगा. दाढीतून वाफ निघतेय आणि बोलणं असं, की जणू पाणबुडी बांधतोय. तिसऱ्या दाढीनंतर तिनं फोन पालथा घातला.

दुसऱ्या दिवशी तिनं हे गाऱ्हाणं ऑग्डनबाईंच्या डोक्याला रोलर लावता लावता सांगितलं. ऑग्डनबाई तिच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक. साऱ्या गावाच्या बातम्या त्यांच्या कानावरून जायच्या.

"त्यात काय एवढं? बाजारात तुझा क्लाइव्ह तेच विकत बसलेला असतो."

"माझा नाही तो आता."

"बरं बाई, बाजाराचा क्लाइव्ह. पण विकतो तो तेच."

ते खरं होतं. कारखान्यातली नोकरी गेल्यावर क्लाइव्हनं मार्केट हॉलमध्ये एक गाळा घेतला होता, चीजवाली आणि कुत्र्यामांजरांचं खाणं विकणारा यांच्या मधोमध. लिनेट चीज घ्यायला जायची ती मुद्दाम पलीकडच्या दारानं. पण गरज पडली की माणूस कुठलंही दार धरतं. गुरुवारी ती नाक मुठीत धरून गाळ्यासमोर उभी राहिली.

क्लाइव्हनं चष्म्यावरून पाहिलं. "रस्ता चुकलीस, लिन? चीज शेजारी आहे."

"गिऱ्हाईक म्हणून आलेय. स्वतः बांधायची टाकी दाखव. स्वस्तातली."

"स्वतः म्हणजे कुणी बांधायची?"

"मी."

"तू?"

"का? मला हात नाहीत?"

"हात आहेत गं. फक्त ते कचऱ्याच्या डब्याकडे वळतात."

शेजारची चीजवाली चीज कापायची थांबली. लिनेटनं तिच्याकडे असं पाहिलं, की सुरी पुन्हा चालू झाली.

क्लाइव्हनं दोन टाक्या काढून काउंटरवर ठेवल्या. एक अंगठ्याएवढी, साधी, एका तारेची. दुसरी बुटकी, रुंद, काळी कुळकुळीत, दोन तारांची, आणि किंमत दोन पौंडांनी कमी.

"आधी सांग, तू ओढतेस कसं? सिगारेटसारखं, आधी तोंडात आणि मग खाली? का सरळ छातीत?"

"ते जाऊ दे. स्वस्त कुठली?"

"प्रश्न तो नाहीये."

"माझा तोच आहे."

"हे बघ," क्लाइव्ह शांतपणे म्हणाला. त्याचा तो शांतपणा लिनेटला लग्नातही सहन होत नसे. "ही छोटी घे. हवा बेताची लागते, रस कमी पिते, काच फुटली तर खोक्यात जादाची काच आहे. ती काळी स्वस्त आहे, कारण तिला कुणी विचारत नाही. रस बदाबदा पिते, ढग काढते, आणि तू ओढतेस तसला कडक रस तिच्यात चालत नाही. ती तुझ्यासाठी नाही."

झालं. 'ती तुझ्यासाठी नाही' असं कुणी म्हटलं आणि लिनेटनं ती वस्तू घेतली नाही, असं तिच्या आयुष्यात एकदाच घडलं होतं, आणि ती वस्तू मोटारसायकल होती.

"काळी दे," ती म्हणाली.

टाकीत बसवलेल्या तारा होत्याच. कापूस क्लाइव्हनं भरून दिला आणि सौम्य रसाची बाटलीही पुढे केली. पण घरी कडक रसाची अख्खी बाटली पडली असताना नवी कशाला, असं म्हणून लिनेटनं ती मागे सारली. तिला टाकायचा स्वभाव नेमका त्याच दिवशी सोडावासा वाटला.

शुक्रवारी सकाळी ऑग्डनबाई रोलर लावून केस वाळवायच्या यंत्राखाली बसल्या असताना लिनेट मागच्या अंगणात गेली आणि तिनं पहिला झुरका घेतला. चांगला लांब, सरळ छातीत. पुढचं तिला नीट आठवत नाही. भिंत जरा डावीकडे सरकली, शेजारच्यांचं मांजर दोन दिसायला लागलं, आणि ती कचऱ्याच्या डब्यावर मटकन बसली. तोंडातून निघालेला ढग मागच्या दारानं रमतगमत दुकानात शिरला.

"आग! आग लागली!" ऑग्डनबाई ओरडल्या आणि अंगावर बांधलेल्या कापडासकट, रोलरसकट रस्त्यावर धावल्या. समोर बस थांबली होती. ड्रायव्हरनं दार उघडलं. ऑग्डनबाई आत चढल्या आणि पुढच्या थांब्यापर्यंत गेल्या.

शनिवारी लिनेट गाळ्यावर आली. गल्ल्यामागून क्लाइव्हनं एवढंच विचारलं, "ऑग्डनबाई परत आल्या ना?"

"छोटी दे," लिनेट म्हणाली.

"छोटी, म्हणजे..."

"क्लाइव्ह, मी चीजवालीच्या देखत तुझ्या डोक्यात ती काळी टाकी घालीन."

त्यानं छोटी काढली. काळी परत घेता येत नव्हती, पण छोटीच्या किमतीतले काही पौंड त्यानं तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत कमी केले. मग तो तार बसवायला लागला, तेवढ्यात लिनेटनं त्याचा हात धरला.

"करून देऊ नकोस. दाखव. दर खेपेला मी तुझ्या दारात येणार नाही."

त्यानं दाखवलं. तारेचं वेटोळं दोन खांबांत धरायचं, स्क्रू आवळायचे, टोकं कापायची, जरा तापवून चिमट्यानं दाबायचं, मग आतून कापूस ओवायचा आणि त्याच्या दोन शेपट्या खालच्या भोकांत सोडायच्या. तार लिनेटला पहिल्या फटक्यात जमली. क्लाइव्हच्या भुवया वर गेल्या.

कापसानं मात्र तिचे हाल केले. पहिल्यांदा भरला तो कमी पडला. सगळा रस पर्समध्ये गळला. हातमोजे, चष्म्याचं घर, पैसे, सगळ्याला रसातल्या आंबटगोड रुबार्ब-कस्टर्डचा वास. बँकेतल्या पोरीनं नोट नाकाशी नेली आणि म्हणाली, "छान आहे."

"कापूस कमी झाला," ती गाळ्यावर आल्यावर क्लाइव्ह म्हणाला.

दुसऱ्यांदा तिनं गच्च भरला. रस वरपर्यंत चढेना, आणि झुरका घेतला तर जळक्या टॉवेलची चव.

"जास्त झाला," क्लाइव्ह म्हणाला.

"मग किती घालू ते सांग की एकदा!"

"ते हाताला कळतं."

"कुणाच्या हाताला? तुझ्या?"

क्लाइव्हनं शर्टाच्या खिशातून आपली टाकी काढली. ती रुमालात गुंडाळलेली होती, आणि रुमाल ओलाचिंब होता. खिशाखाली शर्टावर हाताएवढा पिवळट डाग होता.

लिनेट बघतच राहिली. "तू लोकांना शिकवतोस, आणि तुझी गळते?"

"दिवसाआड," क्लाइव्ह म्हणाला. "हळू बोल. गिऱ्हाइकं आहेत."

ती हसायला लागली. इतकी हसली, की कुत्र्याच्या खाण्याच्या पोत्याचा आधार घ्यावा लागला. क्लाइव्हनं थोडा वेळ आब राखायचा प्रयत्न केला. मग तोही हसला. दोघं शेवटचं असं कधी हसले होते ते दोघांनाही आठवेना.

पुढच्या शुक्रवारी ऑग्डनबाई आल्या. मागचं सगळं त्यांनी माफ केलं होतं. बसमधली हकीगत त्या आता स्वतःच रंगवून सांगत. लिनेट केस कापत असताना त्या म्हणाल्या, "आत दाट राहू दे गं. फक्त टोकं तेवढी विरळ कर. नाहीतर कानाशी गोळा होतं."

लिनेटची कात्री हवेतच थांबली.

"काय झालं? कापलं की काय मला?"

"नाही हो, ऑग्डनबाई. तुम्ही हुशार आहात."

"ते मला माहीत आहे. पण तुला आज कसं कळलं?"

त्यांना केस वाळवायच्या यंत्राखाली बसवून लिनेटनं टाकी खोलली. तारेच्या आत कापूस दाटच ठेवला, अगदी घट्ट बसेल असा. पण बाहेर लोंबणाऱ्या दोन्ही शेपट्या बारीक फणीनं विंचरल्या, निघतील तेवढे तंतू काढून टाकले, विरळ करायच्या कात्रीनं टोकं हलकी केली, आणि मग ती भोकांत अलगद बसवली. रस भरला. टाकी पांढऱ्या टॉवेलवर आडवी ठेवून ती कामाला लागली. दुकान बंद करायच्या वेळी टॉवेल कोरडा होता. झुरका घेतला. रुबार्ब रुबार्बसारखा लागला, कस्टर्ड कस्टर्डसारखं.

शनिवारी तिनं टाकी क्लाइव्हसमोर आडवी टाकली. त्यानं ती उलटी केली, हलवली, कागदावर ठोकली, खालच्या भोकांचा वास घेतला. काही निघेना.

"कुणी करून दिली?"

लिनेटनं पर्समधून फणी काढून काउंटरवर ठेवली.

क्लाइव्हनं फणीकडे पाहिलं. 'वा' म्हणणं त्याच्या घराण्यातच नव्हतं. त्यानं खिशातला रुमाल काढला, सोडला आणि आपली टाकी तिच्यासमोर सरकवली.

"माझीपण बघ," तो म्हणाला.

तिनं ती बघितली. तिचं काम चालू असतानाच एक उंच माणूस गळकी टाकी हातात धरून आला, आणि क्लाइव्हनं त्याला सरळ लिनेटकडे वळवलं, "कापसाचं या बाईंना विचारा," असं म्हणून. असं हळूहळू सुरू झालं. मंगळवारी दुपारी लिनेटचं दुकान बंद असे. त्या वेळी ती गाळ्यात स्टुलावर बसून लोकांचा कापूस विंचरायला लागली. क्लाइव्ह तार बांधायचा, ती शेपट्या करायची, आणि दोघं एकमेकांच्या कामात खोड्या काढायचे. "तुझी तार वाकडी आहे." "तुझ्या कापसाला कुरळा पर्म केलास वाटतं." लोक टाकी ठीक झाल्यावरही थोडा वेळ उभे राहत. चीजवालीचा धंदासुद्धा वाढला.

"म्हणजे परत जुळतंय म्हणायचं?" जेनिसनं एकदा विचारलं.

"कापूस जुळतोय," लिनेट म्हणाली. "तू झाडू मार."

पण एका मंगळवारी क्लाइव्ह खाली पडलेला स्क्रू शोधायला वाकला, आणि स्टुलावरून लिनेटला त्याचं डोकं वरून दिसलं. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच.

"हे कुणी कापलंय?"

"काय?"

"केस. हे कुणी केलंय तुझं?"

"मीच. दोन आरसे लावून." जरा थांबून तो म्हणाला, "वाईट आहे?"

"कुंपणात अडकलेलं मेंढरू बरं दिसेल. शुक्रवारी ये."

"बायकांचं दुकान आहे ते."

"शुक्रवारी ये म्हणतेय ना."

तो आला. कोट हातात धरून दारातच घुटमळला, पाय तीनदा पुसले. जेनिसनं त्याला खुर्चीत बसवलं आणि गळ्याभोवती गुलाबी कापड बांधलं. दुसरं कुठलं नव्हतंच. शेजारच्या खुर्चीत डोक्याला रंग लावून ऑग्डनबाई बसल्या होत्या. त्यांनी त्याला पायापासून टाळूपर्यंत पाहून घेतलं.

"गुलाबी शोभतो हो तुम्हाला, क्लाइव्ह."

"आभारी आहे, ऑग्डनबाई."

लिनेटनं त्याची मान पुढे झुकवली आणि कामाला लागली. कानामागचे केस काढले, मानेवरचे काढले. मग उजवी बाजू जरा जड वाटली म्हणून ती कापली. मग डावी जड वाटायला लागली. क्लाइव्हनं डोळे मिटून घेतले होते. एवढ्याशा केसांना एवढा वेळ लागत नाही, हे ऑग्डनबाईंना चांगलं कळत होतं. पण त्यांचा रंग अजून चढायचा होता आणि घाई कुणालाच नव्हती, म्हणून त्या गप्प बसून आरशात पाहत राहिल्या.