कोपर

दवाखान्याच्या पॅसेजमध्ये डाव्या हाताला मशीनवाला बसायचा आणि उजव्या हाताला नियमवाल्या बाई. मशीनवाला म्हणाला, "हा मुखवटा झोपेत काढायचा नाही. जितका जास्त वेळ तोंडावर राहील तितकं चांगलं. मशीन तास मोजतं, मला इथं बसून दिसतं." बाई म्हणाल्या, "झोप लागत नसेल तर पलंगावर तळमळत पडायचं नाही. मुखवटा काढायचा, उठायचं, दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचं. डोळे जड झाले की मगच परत." टॉवरभाऊंनी दोघांचंही ऐकून घेतलं, बाहेर आले आणि बाकावर बसलेल्या बायकोला म्हणाले, "यांनी आधी आपसात ठरवावं, मग माझ्या नादी लागावं."

टॉवरभाऊ हे नाव त्यांना साइटवरच्या लोकांनी दिलेलं. इमारत बांधताना जी उंच क्रेन उभी करतात, तिच्या माथ्यावरच्या केबिनमध्ये त्यांची उभी हयात गेली. त्यांच्या बायकोला त्यामुळे सगळी साइट वहिनी म्हणे, आपणही तेच म्हणू.

आता भाऊंची तक्रार तशी वाजवीच होती. नुसती झोप येत नसती तर एक वेळ समजलं असतं. नुसता झोपेत श्वास अडत असता तरी समजलं असतं. इथं दोन्ही दुखणी एकाच माणसाच्या मानगुटीवर बसलेली. डोळ्याला डोळा लागत नाही, आणि लागलाच तर श्वास अडून जाग येते. गोळ्या द्या म्हणावं तर डॉक्टर म्हणाले, श्वास अडणाऱ्याला झोपेच्या गोळ्या सरसकट देत नाहीत. मग राहिलं काय, तर हवा सोडणारं मशीन आणि बाईंचे नियम. उशिरा झोपा. रात्र कशीही जावो, सकाळी ठरल्या वेळी उठा. दिवसा आडवे होऊ नका. दुपारी मुखवटा लावून जागे बसा, म्हणजे त्याची सवय होईल. झोपेवाचून मेटाकुटीला आलेल्या माणसाला कमी झोपा म्हणायचं आणि वर त्याला उपचार म्हणायचं, हे भाऊंच्या डोक्यात काही केल्या शिरेना.

बरं, सोडून द्यावं तर तेही करता येईना. एका सकाळी केबिनमध्ये, लोखंडी सळ्यांचा बोजा हवेत लटकत असताना, भाऊंची मान खाली गेली होती. क्षणभरच. खालचा माणूस वॉकीटॉकीवर ओरडला, बोजा झोके घेत थांबला, कुणाला खरचटलंही नाही. पण सुपरवायझरनं त्याच दिवशी त्यांना खाली उतरवलं आणि स्टोअरमध्ये बसवलं, हातमोजे आणि हेल्मेटं वाटायला. वर दुसरा चालक आला. तो बोजा असा हिसके देत उचलायचा की स्टोअरच्या दारातून बघताना भाऊंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. केबिन परत हवी असेल तर झोपेच्या दवाखान्याचा दाखला आणा, असं सुपरवायझरनं सांगून टाकलं होतं. भाऊंना जगात दुसरं काही नको होतं. ती केबिन हवी होती.

भाऊंच्या मते त्यांना तिसरंही एक दुखणं होतं, ते म्हणजे वहिनींचं कोपर. जरा कुठं डोळा लागतोय तोच बरगडीत ढोस. वर्षानुवर्षं हेच. बाईंनी पहिल्या भेटीत विचारलं, "झोप कशानं मोडते?" तेव्हा भाऊंनी वहिनींच्या देखत सांगितलं, "ही मोडते." वहिनी पदराशी चाळा करत राहिल्या. मशीन घरी आल्यावर तर भाऊंना निमित्तच मिळालं. "पलंग फक्त झोपेसाठी, असा नियमच आहे," म्हणून त्यांनी वहिनींची उशी उचलून हॉलमधल्या सोफ्यावर ठेवली. नियम असा नव्हता, पण वहिनी सोफ्यावर झोपायला लागल्या.

आणि मग भाऊंनी डोकं चालवलं. मशीनवाल्याला तास हवेत आणि बाईंना पलंग रिकामा हवा ना? घ्या. त्यांनी मशीन उचलून स्वयंपाकघरात नेलं, खुर्चीत बसले, मुखवटा लावला आणि तसेच टक्क जागे बसून राहिले. पुरेसे तास भरले की मुखवटा काढायचा आणि मोकळ्या नाकानं पलंगावर जायचं. मशीनवाला स्क्रीन बघून खूश. "असे पेशंट मिळाले पाहिजेत," म्हणाला. बाईंनी विचारलं, "झोप नसली की उठता ना?" भाऊ म्हणाले, "उठतो की." यात एक शब्द खोटा नव्हता. फक्त दोघांनाही अर्धं अर्धं सांगितलं होतं, आणि दिवसेंदिवस भाऊंचा चेहरा मात्र ओढल्यासारखा दिसायला लागला होता. चहाच्या कपावरून चिडायचे, दाराच्या आवाजावरून चिडायचे.

शेवटी दाखल्याआधीची चाचणी आली. कसली, तर जागं राहण्याची. अंधुक उजेडाच्या खोलीत आरामखुर्चीवर बसायचं आणि झोपायचं नाही, बस्स. भाऊ घरी येऊन हसत सुटले. "अगं, जागं राहणं म्हणजे माझ्या हातचा मळ. यात मी नापास झालो तर मिशी उतरवीन."

चाचणीच्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. वहिनी बाहेर बाकावर बसल्या. मशीनवाल्यानं डोक्याला तारा चिकटवल्या, दिवा मंद केला आणि दार ओढून घेतलं. भाऊ खुर्चीत टेकले. समोर कोरी भिंत होती. त्यांनी मनातल्या मनात केबिनची शिडी चढायला घेतली, सीटवर बसले, दोन्ही हात दोन्ही दांड्यांवर ठेवले.

कुणीतरी खांदा हलवला.

"झालं?" भाऊ म्हणाले.

"झालं," मशीनवाला म्हणाला.

"बघा. पापणीसुद्धा मिटली नाही."

मशीनवाल्यानं त्यांना बाहेर स्क्रीनसमोर नेऊन बसवलं आणि खोलीतल्या कॅमेऱ्यानं टिपलेलं चित्र मागे नेलं. स्क्रीनवर इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस तोंड उघडं टाकून घोरत होता. मान छातीवर पडलेली. भाऊंना आधी लाज वाटली, मग राग आला. मग घोरणं थांबलं.

छाती वर ओढली जात होती, पोट हलत होतं, पण आवाज नव्हता. हवा आत जातच नव्हती. "श्वास अडतो" हे भाऊंनी शंभर वेळा ऐकलं होतं, स्वतः दहा जणांना सांगितलंही होतं, पण बघितलं नव्हतं. खालून इशारा येईपर्यंत बोजा लटकवून थांबावं लागतं, तसे ते थांबून राहिले. इशारा येईना. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली. तेवढ्यात स्क्रीनमध्ये मशीनवाला घाईघाईनं आत आला, खांदा हलवला, आणि त्या माणसानं गचका देऊन श्वास घेतला.

"तुम्ही आला नसता तर?" भाऊंनी विचारलं.

"आपला आपणच सुरू झाला असता. बहुतेक वेळा शरीर झटका देतं. खरं तर तुमचा डोळा लागला तेव्हाच चाचणी संपली होती, मी उठतच होतो. पण हे सुरू झालं, तेव्हा पळत आलो. बघवत नाही हो." त्यानं चित्र बंद केलं. "घरी रात्री शेजारी कोण असतं?"

"बायको," भाऊ म्हणाले. "असायची."

नियमवाल्या बाईंनी खुर्चीतल्या तासांची हकिगत भाऊंच्या तोंडून काढून घेतली. रागावल्या नाहीत, उलट भाऊच रागावले. "तुमचं एक, त्यांचं एक. माणसानं मरायचं का? तुम्ही म्हणता काढ, ते म्हणतात लाव. ज्याला झोपच येत नाही त्यानं कुणाचं ऐकायचं?"

"ही चूक आमचीही आहे," बाई म्हणाल्या. "दोघांनी एकत्र बसून सांगायला हवं होतं. जागे असाल तेव्हा उठा, माझी हरकत नाही. पण झोपायला जाल तेव्हा मुखवटा हवाच. तुम्ही मुखवटा लावून जागलात आणि मुखवटा काढून झोपलात."

दाखला मिळणार नव्हता. सगळं पहिल्यापासून सुरू करायचं होतं, उशिरा झोपणं, वेळेवर उठणं, दुपारचा सराव, सगळं.

घरी परतताना भाऊ म्हणाले, "तू ढोसायचीस ती माझ्या घोरण्याला कंटाळून ना?"

"घोरण्यावर तर मला झोप लागायची," वहिनी म्हणाल्या. "थांबलं की जाग यायची."

"मग सांगायचंस."

"सांगितलं होतं. झोपमोड करते आणि वर कारणं सांगते, म्हणालात."

भाऊंना ते आठवलं. नसतं आठवलं तर बरं झालं असतं. "आणि हॉलमध्ये? तिथं तरी लागते का झोप?"

"तुमच्या खोलीचं दार उघडं ठेवते ना मी," एवढंच वहिनी म्हणाल्या.

दुपारी सरावाची वेळ झाली. भाऊंनी मशीन स्वयंपाकघरातून हॉलमध्ये आणलं, सोफ्यावर बसले आणि मुखवटा बांधला. पट्टा कानामागे रुतत होता, नाकाचा शेंडा खाजत होता, सगळ्याचा मनस्वी वैताग आला होता. वहिनी धुतलेले कपडे घेऊन शेजारी बसल्या. मशीनमधून हवा एकसारखी येत-जात राहिली, कुठं अडली नाही की थांबली नाही. दोन-तीन कपड्यांच्या घड्या झाल्या आणि वहिनींचा हात मंदावला. टॉवेल मांडीवर तसाच राहिला, मान सोफ्याच्या पाठीला टेकली. भाऊ बघत राहिले. बायकोला गाढ झोपलेलं त्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

फोन थरथरला. सुपरवायझर. दाखल्याचं विचारत असणार, आणि नाही म्हणून कळलं की त्या हिसके देणाऱ्याला कायम करणार. उत्तर द्यायचं तर मुखवटा काढावा लागणार होता, मशीन बंद करावं लागणार होतं. भाऊंनी दात-ओठ खाल्ले, फोनचा गळा दाबला आणि तो उशीखाली सारला.

त्या हालचालीत मुखवटा जरा सरकला, हवेचा आवाज तुटला. भाऊंनी तो हातानं दाबून नीट बसवला, पण तेवढ्यात वहिनींचं कोपर उचललं गेलं होतं. डोळे मिटलेलेच, आणि कोपर नेमकं बरगडीत.

"घेतोय," भाऊ मुखवट्याच्या आतून म्हणाले. "झोप तू. घेतोय मी श्वास."