पहाटे पडणारं बटण

उंब्रजमध्ये नाथाजी हवालदारांची अंघोळ ही काही खासगी बाब राहिली नव्हती. माणूस सत्तरीला टेकलेला, अंगानं वाळलेल्या उसासारखा, पण पौष असो की माघ, भल्या पहाटे बादलीभर गार पाणी अंगावर घेणार म्हणजे घेणार. मोरीतून "हर हर" असा आवाज उठला की अर्धी गल्ली पांघरूण आणखी वर ओढायची. शाळेतले मास्तर पोरांना त्यांचं उदाहरण द्यायचे. शेजारच्या लालासाहेबांनी तर त्यांचं बघून अकरा वर्षांपूर्वी चुलीवरचा हंडाच उतरवून ठेवला होता.

पारावर बसून नाथाजी सांगायचे, "हे कसलं गार पाणी? आमी वर बर्फात हुतो तवा तांब्या डोक्यावर वतला की पाणी खांद्यावर येईस्तवर दगड व्हायचं. अंघोळ झाल्यावर अंग पुसायचं न्हाई, झाडायचं. खडखड, खडखड. खाली पडलेली अंघोळ जवान लोक फावड्यानं गोळा करायचे आन् दुपारी सरबतात टाकायचे."

ऐकणारे हसायचे, पण मान डोलवूनच हसायचे.

आता खरं सांगायचं, तर नाथाजींनी सतरा वर्षांची नोकरी फौजेच्या लंगरात काढली, म्हणजे स्वयंपाकघरात. बर्फाच्या जागी होते हे खोटं नाही, पण होते ते भट्टीशेजारी. अख्ख्या पलटणीत रोज कढत पाणी मिळणारा हा एकच गडी. पेन्शनवर घरी आले आणि पहिल्याच दिवशी पारावर त्या सरबताची गोष्ट सांगून बसले. गोष्ट रंगली. रंगलेली गोष्ट परत कशी घेणार? मग विजयमालाबाई, त्यांच्या पत्नी, रोज पहाटे मागच्या दारानं हंडाभर कढत पाणी गुपचूप मोरीत ओतायच्या आणि नाथाजी आतून "हर हर" करायचे. बाईंनी हे तीस वर्षं कुणाला कळू दिलं नाही. तीन वर्षांपूर्वी त्या गेल्या. बाराव्याचे पाहुणे पांगल्यावर दुसऱ्या दिवशी नाथाजींनी खरोखरचं गार पाणी पहिल्यांदा अंगावर घेतलं, तेव्हा जो आवाज निघाला त्यात देवाचं नाव नव्हतं.

त्याच आठवड्यात ते साताऱ्याला गेले आणि स्टँडबाहेरच्या एका गाड्यावरून पाणी तापवायचा रॉड घेऊन आले. बादलीत सोडायचा, प्लग लावायचा, वीस मिनिटांत पाणी तयार. मोरीत धुण्याच्या मशीनसाठी प्लग होताच. काम झालं की रॉड पुसून, खाकी मफलरात गुंडाळून, पलंगाखालच्या ट्रंकेत. ट्रंकेला कुलूप. पोरगा पृथ्वीराज साताऱ्याच्या एमआयडीसीत कामाला, बऱ्याचदा रात्रपाळीत. सून क्रांती स्वयंपाकघरात. कुणाला पत्ता लागायचं कारणच नव्हतं.

पण गेल्या भाऊबीजेला क्रांतीच्या भावानं, सांगलीच्या यशराजनं, बहिणीला पिठाची घरगुती गिरणी दिली.

क्रांतीनं त्या गिरणीवर धंदा मांडला. ज्वारी, नाचणी, थालीपिठाची भाजणी. पहाटे साडेपाचला दळायचं, पिशव्या भरायच्या आणि सातच्या एसटीनं कराडच्या गिऱ्हाइकांना पाठवायच्या. दोन महिन्यांत पंचवीस घरं लागली. आणि त्याच दोन महिन्यांत घरातलं बटण पडायला लागलं. क्रांतीनं गिरणी सुरू केली की बोर्डात 'टक' असा आवाज व्हायचा आणि मागच्या सगळ्या खोल्यांत अंधार. तिनं बटण वर केलं की पुन्हा टक. तीनदा, चारदा. साडेसहा वाजले की मग काही तक्रार नाही. पण तोवर दळण मागं पडलेलं असायचं आणि सातची एसटी निम्म्या पिशव्या सोडून निघून जायची.

मोरीच्या अंधारात कोमट पाण्यात हात घालून नाथाजी उभे असायचे. बटण का पडतं ते त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. रॉड आणि गिरणी एकाच तारेवर. कळलं म्हणून काय सांगायचं होतं? ते पंचा गुंडाळून बाहेर यायचे आणि म्हणायचे, "क्रांती, लोड बघावा माणसानं. तारंला सुद्धा जीव असतो."

"मामा, एक गिरणीच तर लावलीया."

"तीच लय झाली. बारक्या घरात कारखाना मांडल्यावर दुसरं काय हुणार? फौजेत आमी जनरेटर सांभाळलेत. मला नगं शिकवू."

जनरेटर त्यांनी सांभाळला होता तो एवढाच, की त्याच्या उबेला कणीक झाकून ठेवायचे.

असं चार महिने चाललं. मध्यंतरी नाथाजींनी उपाय म्हणून बुटाची नाडी घेतली आणि बोर्डातला तो खटका वरच्या वर बांधून टाकला. दुसऱ्या पहाटे खटका बांधलेला तसाच वर, आणि घरात अंधार. तेव्हा मात्र पृथ्वीराज घाबरला. म्हणाला, "आबा, बांधूनबी पडतंय म्हंजे गिरणीतच काय तरी गडबड हाय." नाथाजींनी खाली बघून हुंकार भरला. ते 'व्हय' म्हणाले नाहीत, पण 'न्हाई'ही म्हणाले नाहीत.

शनिवारी सकाळी अकराला कृष्णात वायरमन आला. बोर्ड उघडला, ती नाडी दिसली तसा हसला.

"ही कुणाची अक्कल?"

पृथ्वीराजनं आबांकडं बघितलं.

"आवं, ह्याचं पोट आत असतंय. दांडी बांधा न्हाईतर खिळा मारा, त्याला आतनं सुटायचं तर ते सुटतंयच. बरं हाय सुटतंय ते. आबा, तुमी फौजेतलं. हे बटण म्हंजे दारावरचा संत्री. आत कोण जादा घुसाय लागलं की दार लावतो. त्यालाच बांधून घालता व्हय?"

मग त्यानं तारेला चिमट्यासारखा मीटर लावला आणि गिरणी सुरू करायला सांगितली. गिरणी घरघरली. अर्धा तास चालली. बटण जागचं हललं नाही. क्रांतीच्या तोंडावर चार महिन्यांत पहिल्यांदा रंग आला.

"गिरणीत खोट न्हाई," कृष्णात म्हणाला. "सुरू हुताना मोटर हिसका घेती, पाच-सहा पट, पण तेवढा ह्या दहा अँपिअरच्या बटणाला सोसतो. तार कुठं कुठल्या तारंला लागलीया का, तर तसंबी न्हाई, न्हाईतर आतासुद्धा पडलं असतं. राहिलं एकच, भार. पहाटं ह्या लाइनीवर अजून काय चालू असतंय?"

"फ्रीज आन् एक बल्ब," क्रांती म्हणाली.

"फ्रीजनं काय हुतंय? दुसरं काय तरी मोठं पायजे. इस्त्री, गिझर, असलं."

"आमच्यात गिझर कुठला," पृथ्वीराज अभिमानानं म्हणाला. "आबा तर गार पाण्यानं करत्यात."

कृष्णातनंही अदबीनं मान हलवली. नाथाजींच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तोंड उघडायची ती वेळ होती. ते उघडलंही, पण त्यातून भलतंच बाहेर आलं.

"पहाटं मोटर गारठलेली असती," नाथाजी म्हणाले. "गारठलेली मोटर जादा वढती. बर्फात आमी बघितलंय. उन्हं आली की सुरळीत. त्यापरीस बटणच मोठं घाल, बत्तीसचं."

"ते मी करायचो न्हाई, आबा. भिंतीतली तार बारीक. बटण मोठं घातलं तर तार तापंल, जळंल, आन् बटण बघत बसंल. बटण तारंच्या मापाचं असतंय, आपल्या हौसंच्या न्हाई." कृष्णातनं सामान गोळा केलं. "गारठ्याचं म्हणताय तर असंल बी. तुमच्यापुढं मी काय बोलू. तसं असंल तर पट्टा, बेअरिंग बघाय पायजे. गिरणी कंपनीत दाखवा."

तो गेल्यावर पृथ्वीराजनं ठरवलं. घर पेटायची वाट बघण्यात अर्थ नाही, गिरणी यशराजला परत न्यायला सांगायची. क्रांतीनं भावाला फोन लावला. बोलताना तिचा आवाज साधा होता, पण फोन ठेवून तिनं गिरणी पुसायला घेतली ती तासभर पुसतच राहिली. आधीच लख्ख असलेली ती गिरणी. नाथाजी ओसरीवर पेपर धरून बसले होते. त्या तासात त्यांनी एकच ओळ वाचली, बहुधा पन्नास वेळा.

रविवारी पहाटे घरात घरघर नव्हती. नाथाजींनी सवयीनं रॉड लावला. बटण पडलं नाही. बल्ब शांत जळत राहिला. चार महिन्यांत पहिल्यांदा पाणी मनासारखं कढत झालं, वाफ पार छताला गेली. नाथाजींनी तांब्या भरला, उचलला, आणि तसाच धरून उभे राहिले. पलीकडं स्वयंपाकघरात क्रांती भाकरी थापत होती. एका घरापुरत्या भाकरी. एरवी ह्या वेळी तिची धांदल असायची, ती पिशव्यांवर नावं लिहीत असायची, चुकलेलं नाव खोडून स्वतःशीच हसायची. नाथाजींनी तांब्या परत बादलीत सोडला. त्या दिवशी "हर हर" झालं नाही. पाणी हळूच मोरीत ओतून देऊन ते कोरडेच बाहेर आले.

दहाला यशराज सांगलीहून टेम्पो घेऊन आला. गिरणी उचलायला लालासाहेब हात द्यायला आले. पृथ्वीराज आणि लालासाहेब दोन बाजूंनी लागले, गिरणी टेम्पोत चढली, दोर आवळला गेला. यशराज मात्र ओसरीवर आला आणि नाथाजींसमोर वाकून उभा राहिला.

"आबा, माफ करा. माझ्याकडनं खराब वस्तू आली. तुमच्या घराला धोका झाला. मी दुकानदाराच्या तोंडावर फेकून मारतो ही, पण तुमी राग नगा धरू." आणि तो पाया पडला.

नाथाजींना पाय मागे घ्यायचे होते, पण मागे भिंत होती. पोरानं डोकं टेकवलं ते नेमकं त्यांच्या खोटेपणावर. आयुष्यात त्यांनी शेकडो थापा मारल्या, पण त्या ऐकणारा प्रत्येक जण हसत घरी गेला होता. ह्या थापेपायी एक सून अपराध्यासारखी दारात उभी होती आणि तिचा भाऊ माफी मागत होता.

ते आत गेले. ट्रंकेचं कुलूप उघडलं. बाहेर आले ते हातात खाकी मफलराचं गाठोडं घेऊन. मफलर सोडला.

"हे काय, हवालदार?" लालासाहेबांनी विचारलं.

"रॉड."

"कशाचा?"

"पाणी तापवायचा."

"कुणाचं?"

एरवी नाथाजींनी एका दमात चार उत्तरं पुरवली असती. विजयमालाचा होता, आठवण म्हणून ठेवलाय. पलटणीतल्या दोस्ताचा. साप मारायचा. त्या दिवशी एकही थाप तोंडात येईना.

"माझं," ते म्हणाले. "रोज पहाटं लावतो. बटण ह्याच्यानं पडायचं. गिरणी चांगली हाय, यशराज. पयल्यापास्नं चांगली हाय. मला ठावं हुतं."

टेम्पोच्या दोराला हात लावलेला पृथ्वीराज तसाच थांबला. बोलले ते लालासाहेब, आणि बोलताना ते टेम्पोच्या फाळक्यावर बसले.

"अकरा वर्सं," ते म्हणाले. "अकरा वर्सं मी गार पाण्यानं करतुय, हवालदार. पौषातसुद्धा. बायको येडा म्हणती, तर तिला मी तुमचं नाव सांगतो."

नाथाजींनी रॉडकडे बघितलं.

"तुमी तरी कवापास्नं कढत पाण्यानं?"

"पयल्यापास्नं," नाथाजी म्हणाले. "आधी ही असायची तवा हंड्यानं. फौजेत भट्टीवर. गार पाण्यानं मी एकदाच केलीया, लालासाहेब. तिच्या माघारी. एकदाच."

लालासाहेब उठले, धोतर झटकलं आणि हसण्याऐवजी घराकडे चालू लागले. ते हसले असते तर नाथाजींना बरं वाटलं असतं.

क्रांती दारातून खाली उतरली. डोक्यावरचा पदर सारखा केला. "मामा," ती हळूच म्हणाली, "गार पाण्यानं करा असं तुमाला ह्या घरात कोण म्हणलं हुतं?"

"कुणी न्हाई."

"मग चार महिनं मला लोड कशाला शिकवलात?"

तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. ती टेम्पोपाशी गेली आणि स्वतःच दोराची गाठ सोडायला लागली. यशराज पुढं झाला, नवऱ्यानं हात लावला आणि गिरणी उतरली. नाथाजी मदतीला वाकले तर पृथ्वीराज म्हणाला, "राहू द्या, आबा." एवढंच. पण त्या आवाजात अदब राखायची त्याची धडपड नाथाजींना स्पष्ट ऐकू आली.

संध्याकाळी कृष्णात आला. रॉड हातात घेऊन त्यानं त्याच्यावर पडलेले चट्टे दाखवले आणि म्हणाला, "ह्यानं एखाद्या दिवशी बादलीतच करंट उतरला असता, आबा, मग खरंच गार झाला असता." तो रॉड त्यानं मोडून टाकला, पृथ्वीराजनं बाजारातून आयएसआय शिक्क्याचा चांगला रॉड आणला. गिरणीसाठी बोर्डापासून वेगळी जाड तार आणि वेगळं बटण ओढायचं ठरलं, पण कृष्णातला गुरुवारशिवाय सवड नव्हती. तोवर दोन्ही एकदम लावायचं नाही. एकाचं झालं की दुसऱ्याचं.

सोमवारी पहाटे साडेपाचला गिरणी घरघरली. बटण पडलं नाही. नाथाजी पंचा खांद्यावर टाकून पलंगाच्या कडेला बसून होते. बाहेर गल्ली जागी झाली होती. मास्तरांची सायकल वाजली, लालासाहेबांच्या अंगणात अकरा वर्षांत पहिल्यांदा अंघोळीच्या हंड्याखाली चुलीचा धूर उठला. सव्वासहाला घरघर थांबली आणि क्रांतीनं स्वयंपाकघरातून, गिरणीच्या आवाजावर बोलायची सवय लागलेल्या आवाजात, हाक मारली.

"मामा, माझं दळाण झालं. आता पाणी तापवाय लावा."

गल्लीतली सायकल थांबल्याचं नाथाजींना कळलं. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून पुन्हा खांद्यावर टाकला.

"मामा, ऐकलं का?"

"व्हय," नाथाजी म्हणाले. मग उठून, बाहेरपर्यंत जाईल असं पुन्हा म्हणाले, "व्हय गं, लावतो."