कुलूपरावांचं कोठार

ऑफिसात त्यांना सगळे कुलूपराव म्हणत, आणि ते नाव त्यांनी स्वतःच्या कर्तबगारीवर मिळवलं होतं. कंपनी अवघी पाच माणसांची, बसडेपोंसाठी वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर बनवणारी. पण बंदोबस्त असा की आत खजिना पुरलाय. लोक आपला कोड बाहेरच्या कंपन्यांच्या जागेत ठेवतात, ते कुलूपरावांना कधी पटलं नाही. आपली भांडी परक्याच्या फडताळात का ठेवायची? त्यांनी ऑफिसातल्याच सर्व्हरवर कोडचं कोठार उभं केलं, तेही थेट नाही, कंटेनरमध्ये, म्हणजे यंत्राच्या पोटात दुसऱ्या यंत्रासारखी एक बंद खोली. त्या खोलीतून बाहेरच्या एकाही फोल्डरला हात लागत नसे. तिथून कोणाला मेल जायचीही सोय ठेवली नव्हती. रोजचा बॅकअपसुद्धा खोलीतल्या खोलीतच पडायचा, आणि यात काही खटकण्यासारखं आहे हे दोन वर्षांत कोणाच्या ध्यानात आलं नाही.

त्या मंगळवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी त्यांनी तो कंटेनर पुसला. मुद्दामच पुसला. जुना पाडून नवा उभारायचा होता, आणि आधी स्नॅपशॉट घेतला होता, म्हणजे कोठाराची त्या घडीची जशीच्या तशी प्रत. पुसायच्या कमांडला सवयीने 'सक्तीने' असं शेपूट जोडलं, त्यामुळे यंत्राने 'नक्की ना?' असंही विचारलं नाही. मग प्रत परत आणायला गेले तर प्रत नाही. स्नॅपशॉट कंटेनरचाच असतो. कंटेनर गेला की तोही जातो. कुलूपरावांना हे चांगलं ठाऊक होतं. गेल्याच वर्षी त्यांनी कोणाला तरी हे ऐटीत समजावून सांगितलं होतं.

त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. डिस्क खरवडून पाहिली. डिस्क नव्या जातीची, मोकळी झालेली जागा लगोलग स्वच्छ करणारी. हाती धुपाटणंही आलं नाही.

तसा कोड गेला नव्हता. प्रत्येकाच्या लॅपटॉपवर सगळ्या इतिहासासकट त्याची प्रत असते. गेल्या होत्या त्या सॉफ्टवेअरच्या चुकांच्या नोंदी, ज्या फक्त कोठारातच असत, आणि नोंदी होत्या सासऱ्यांच्या.

सासऱ्यांनी पस्तीस वर्षं डेपोत वेळापत्रकं आखली होती. निवृत्त झाल्यावर घरात बसून ते घड्याळाशी भांडायला लागले, तेव्हा मुलीने, म्हणजे कुलूपरावांच्या बायकोने, त्यांना कोठारात खातं उघडून दिलं. कंपनी तीच चालवायची. "बाबा, आमचं सॉफ्टवेअर जिथे चुकेल तिथे लिहा," एवढंच ती म्हणाली होती. सासरे कॉम्प्युटरला बिचकायचे, कुठलंही बटण दाबण्याआधी बोट हवेत धरून ठेवायचे. पण दोन वर्षांत त्यांनी चारशे सतरा नोंदी लिहिल्या. 'जोडबस मागच्या गेटमधून वळत नाही, तिला पुढून सोडा.' 'पाच तास सलग गाडी लावलीत, ड्रायव्हरला मूत्राशय असतं हे लक्षात घ्यावे.' चूक दुरुस्त झाली की नोंदीवर 'बंद' असा शिक्का येई, आणि त्या दिवशी ते जेवताना दोनदा तरी सांगत. अजून दीडशेच्या वर नोंदी उघड्या होत्या. त्यांतलं काही या नोंदी आणि ते एक डोकं सोडलं तर कुठेच नव्हतं.

कुलूपरावांना बसवेना. उठले, पाणी प्यायले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. खुर्चीला काटे फुटले होते. साडेअकरापर्यंत नवा कंटेनर उभा केला, नवं कोठार बसवलं आणि सगळ्यांना निरोप टाकला: 'नवी आवृत्ती बसवली आहे, आपापला कोड पुन्हा चढवा.' कोणी काही विचारलं नाही. कोड भराभर आला, आणि त्याच्याबरोबर एक नवीच शिक्षा आली. जागोजागी लिहिलेलं होतं, 'पाहा नोंद २१२', 'नोंद ३०५ प्रमाणे बदल'. कुलूपराव ते वाचत होते आणि बोट दाखवलेल्या जागी काहीच नव्हतं.

सांगावं का? सांगायलाच हवं. जेवणानंतर सांगू. मग वाटलं, आधी डिस्क आणखी एकदा पाहू, मग सांगू. असं करत एक वाजला आणि सासऱ्यांचा फोन आला.

"जावईबापू, हे मला आत घेत नाहीये. पासवर्ड चुकला म्हणतंय."

"तुमचं काही चुकलं नाही, बाबा. नवी आवृत्ती आहे. मी नवा पासवर्ड देतो."

"बरं, बरं. मी म्हटलं माझंच काहीतरी."

तोच क्षण होता. जिभेवर शब्द आलेही होते. कुलूपरावांनी पासवर्ड सांगितला आणि फोन ठेवला.

दोन वाजता सासऱ्यांची सगळ्यांना मेल आली. 'माझ्या हातून सर्व नोंदी पुसल्या गेल्या आहेत. आत शिरल्यावर शून्य दिसते. काय दाबले ते आठवत नाही. तुमच्या दोन वर्षांच्या कामाचे नुकसान केले याबद्दल क्षमा असावी. यापुढे मी यात हात घालणार नाही.'

खाली सहकाऱ्यांची उत्तरं येऊ लागली. असू दे काका, होतं असं. माझ्याही हातून एकदा झालं होतं. प्रत्येक उत्तर समजूतदार होतं.

बायको त्यांच्या टेबलाशी आली. "बाबांना पुसायचा अधिकार तू दिला होतास?"

"बघतो."

"बघतो काय? फोनवर रडत होते ते. वयाने डोकं चालेनासं झालं म्हणाले. माझे बाबा, ज्यांना दोनशे गाड्या तोंडपाठ. तू जाऊन ये त्यांच्याकडे. तुझ्यावर विश्वास आहे त्यांचा."

कुलूपरावांनी तेव्हाही सांगितलं नाही. स्कूटरची किल्ली घेतली आणि निघाले. वाटेत तीन वेळा वाक्य जुळवलं आणि तीनही वेळा ते 'सर्व्हरवर काही बिघाड' इथेच येऊन थांबलं. स्वतःची त्यांना किळस आली.

सासऱ्यांनी लॅपटॉप पिशवीत भरून दाराजवळच्या खुर्चीवर ठेवला होता, वायरीची नीट घडी घालून. स्वतः जेवणाच्या टेबलाशी, रेघांच्या वहीवर वाकलेले. "या. जमेल तेवढं आठवून लिहितोय," ते म्हणाले. "एकतीस झाल्या. क्रम लागत नाही हो. पूर्वी असं व्हायचं नाही माझं."

कुलूपराव उभ्याउभ्याच बोलले. "बाबा, तुम्ही काही पुसलं नाही. मी पुसलं. सकाळी, माझ्या हाताने. परत आणता येत नाही."

सासऱ्यांनी पेनाला टोपण लावलं.

"सकाळी किती वाजता?"

"दहा वाजून दहा."

"मी तुम्हाला एकला फोन केला. मेल केली दोनला. आता साडेतीन." वेळा मोजायची त्यांची जन्माची सवय. "मधल्या वेळात काय केलंत?"

"बाकी सगळं परत आणलं."

"बाकी म्हणजे?"

"तुमच्याखेरीज सगळं."

सासऱ्यांनी मान हलवली. रागावले नाहीत, त्यामुळे कुलूपरावांना तोंड लपवायलाही जागा उरली नाही. सासऱ्यांनीच पिशवीतून लॅपटॉप काढला, टेबलावर ठेवला आणि उघडून जावयाकडे सरकवला. "लिहा. सगळ्यांना. माझ्यासमोर."

कुलूपरावांनी लिहिलं. 'नोंदी बाबांनी पुसलेल्या नाहीत. सकाळी माझ्याकडून चुकून पुसल्या गेल्या. बॅकअपही त्यातच होता. हे मी तुमच्यापासून आणि बाबांपासून लपवलं, तेही चुकून.' शेवटचे दोन शब्द का लिहिले ते त्यांनाच कळलं नाही.

सासऱ्यांनी चष्मा लावला आणि एकेक शब्द वाचला. मग बोट पुढे आलं, आज ते हवेत थांबलं नाही, पडद्यावर थेट शेवटच्या दोन शब्दांवर टेकलं.

"दहा वाजून दहाचं चुकून होतं, ते राहू दे," ते म्हणाले. "हे खोडा."

कुलूपरावांनी खोडलं.

"आता पाठवा."