भाकरीची पाच चित्रं

चिकित्सा मानसशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापक नसीमबानू तांबोळींचं डोकं १९७४ साली एका शिक्क्याने तापलं. धायरीच्या तुळजाबाईंना विलायती बुद्धिमत्ता चाचणीतली चित्रं क्रमाने लावता आली नाहीत, म्हणून त्यांच्या कागदावर ‘मंदबुद्धी’ असं लिहिलं गेलं होतं. आणि चित्रं कसली, तर बर्फावरच्या घसरगाडीची!

नसीमबानूंनी तीन वर्षं गावोगाव हिंडून मराठी चाचणी तयार केली. मंजुरीच्या बैठकीत अध्यक्ष डॉ. खांबेट्यांनी नाक मुरडलं.

“बाई, हे शास्त्र आहे की स्वयंपाकघर? ही चित्रं कोणीही लावील.”

“मग आपणच लावा ना, सर.”

नसीमबानूंनी भाकरीची पाच चित्रं त्यांच्यापुढे पसरली आणि घड्याळ लावलं. खांबेट्यांनी भाकरी थापली, तव्यावर टाकली, उलटली, फुगवली आणि शेवटी त्या फुगलेल्या भाकरीवर ऐटीत पाणी फिरवलं.

“पाणी उलटण्याआधी लावतात, सर. ज्या बाईंना ‘मंदबुद्धी’ ठरवलं गेलं, त्यांनी ही चित्रं वीस सेकंदांत बिनचूक लावली होती. त्याच नियमाने आता आपल्या कागदावर काय लिहू?”

एका सभासदाने हसू खोकल्यात दडवलं. खांबेटे लालबुंद झाले, पण माणूस सच्चा होता. त्यांनी पेन उघडून ‘मंजूर’ लिहिलं आणि हात पुढे केला.

“माझी उत्तरपत्रिका तेवढी द्या इकडे.”

“ती दरवर्षी पहिल्या तासाला वर्गात दाखवायला लागेल,” नसीमबानू ती फाइलीत ठेवत म्हणाल्या. “काळजी नसावी. रुग्णाचं नाव आम्ही कधीच सांगत नाही.”