पश्चिमेकडचं तिसरं दार

“मी गेल्याचं माझ्या ताईला फोनवर सांगू नकोस. समोर बसून सांग. आणि तिथे वाट विचारताना डावं-उजवं करू नकोस, हसतील तुला.”

नवऱ्याने, देमाओने, शेवटच्या आजारात हे दोनदा बजावलं होतं आणि रुइफानने दोन्ही वेळा शब्द दिला होता. तो गेल्याला आता चार महिने झाले. चोंगछिंगच्या चढउतारांत तिचा जन्म गेलेला. तिकडे वाट वर जाते नाहीतर खाली. उत्तर-दक्षिण कोण बघतो? पेइचिंगच्या या सपाट, करड्या भिंतींच्या गल्ल्यांत ती सकाळपासून भिरभिरत होती. आभाळ भरलेलं, सूर्याचाही पत्ता नाही.

“उत्तरेला वळा, पश्चिमेकडचं तिसरं दार,” कोपऱ्यावर बुद्धिबळाचा पट मांडून बसलेले आजोबा तिसऱ्यांदा म्हणाले.

“उत्तर म्हणजे डावीकडे ना?”

“कुणाच्या डावीकडे? तुमच्या की माझ्या? बाई, आता परत आलात तर तुम्हालाच प्यादं करून पटावर बसवतो!”

सगळे हसले. तीही हसली. पण ही गंमत जाऊन सांगावी असं घरी कुणी उरलं नव्हतं.

शेजारी उंबऱ्यावर कोबी निवडणाऱ्या बाईने तिला स्टूल दिलं, पुढ्यात उकडलेल्या करंज्यांची ताटली सरकवली.

“मांसाच्या आहेत?”

“मग काय गवताच्या?”

“आज पौर्णिमा. पौर्णिमेला मी मांस खात नाही.”

“बरं, गरम पाणी तरी घ्या. निघालात कुणाकडे?”

“फू ताईंकडे. त्यांच्या धाकट्या भावाची बायको मी.”

बाईचा हात थांबला. आवाज उतरला. “भाऊ गेल्याचं त्यांच्या मुलाने सांगितलंय आम्हाला. म्हातारीला मात्र कुणी सांगितलेलं नाही. एक्क्याऐंशीचं वय, सोसायचं नाही. भावाचे कान गेलेत, फोनवर ऐकू येत नाही, एवढंच मुलगा त्यांना सांगतो. तुम्हीही तेच म्हणा. पुण्य लागेल.”

“आणि त्या काय म्हणतात?”

“काय म्हणणार? आधी रोज विचारायच्या. आताशा विचारतच नाहीत.”

रुइफानने पाण्याचा पेला खाली ठेवला. म्हणजे त्यांना कळलंय. एकाच माणसासाठी दोन बायका दोन गावांत आपापल्या दाराआड एकट्या रडत होत्या.

“दार कुठलं, दाखवता?”

बाई जरा घुटमळली. मग हातातल्या पानानेच तिने दार दाखवलं. “जपून हं, बाई.”

“समोर बसून सांगते,” म्हणत रुइफानने केस नीट केले आणि भिंतीच्या कडेकडेने चालू लागली.