मांजरानं मोडलेली फांदी

राजेश्री गेल्यापासून तिच्या सेडमला मी रोज दोन वेळा पाणी घालत होतो. जाड, मऊ पानांचं, गुडघ्याच्या वर सरळ उभं वाढणारं हे झाड तिनं पुण्याहून आणलं होतं. दसऱ्याला त्याला गुलाबी गुच्छ यायचे. "त्याला तहान लागू द्या हो," ती सांगायची. पण तिच्यासाठी करण्यासारखं दुसरं काही उरलंच नव्हतं. चौतीस वर्षं पोरांना शिकवलं, पण बायकोचं हे एक वाक्य काही शिकलो नाही.

दसरा गेला, फुलं नाहीत. बुंधा काळा पडला. वरचे तीन शेंडे तेवढे चांगले होते, ते कापले. राजेश्री कापलेली फांदी चार दिवस सावलीत नुसती ठेवायची. जखम सुकली की मग मातीत खोचायची. मला कुठला धीर! त्याच दुपारी खोचले आणि वर तांब्याभर पाणी ओतलं. आठवड्यात तिन्ही सडले. तिच्या हातचं जिवंत असं माझ्याकडे एवढंच होतं, आणि ते मीच घालवलं.

कुंडी रिकामी करायला अंगणात आलो, तर शेजारच्या सुलाबाई कुंपणाशी उभ्या.

"गुरुजी, रागावू नका. लय दिवसाचं पोटात हाय. तुमच्या झाडाची एक फांदी म्या चोरली होती. मागून आणलेलं लागत न्हाई, चोरलेलंच लागतंय म्हणत्यात."

ती सकाळ मला आठवली. फांदी मोडून नेलेली बघून मी केवढा आरडाओरडा केला होता! "मांजरानं मोडली असेल," राजेश्री म्हणाली आणि तोंडाला पदर लावून आत गेली. मला वाटलं, रडायला लागली.

"बाईंनी बघितलं होतं मला," सुलाबाई म्हणाल्या. "काय बोलल्या न्हाईत. पाठ फिरवून उभ्या राहिल्या. मग तुमचं वरडणं आन् ते मांजराचं, समदं ऐकलं म्या हितून."

त्यांच्या मागच्या दारी सेडम गुच्छांनी वाकलं होतं.

"सुलाबाई, एक फांदी..."

"मागू नका, गुरुजी." त्यांनी पाठ फिरवली.

कुंपण ओलांडून मी एक फांदी मोडली. कट्कन आवाज झाला.

"मांजर आलं वाटतं," भिंतीकडे बघत सुलाबाई म्हणाल्या.

फांदी खिडकीत ठेवलीय. आज तिसरा दिवस. हात सारखा तांब्याकडे जातो. राजेश्री, अजून एक दिवस थांबतो गं.